पोच नेमकी कशाची? फाइव्ह-जीच्या कोडबुकमध्ये अडकलेला महिना

रात्री दीड वाजता विश्रामबागेतल्या खोलीवर माझा फाइव्ह-जी नेटवर्कचा सिम्युलेटर चालू होता आणि लॉगमध्ये मधलीच पॅकेट गायब दिसत होती. बेस स्टेशनच्या (मोबाइल टॉवरच्या) नोंदीत ती पोचलेली होती. फोनच्या नोंदीत ती आलेलीच नव्हती. दोन्ही बाजूंचा कोड माझाच, त्यामुळे चूक माझ्याकडेच शोधायची होती.

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी डाउनलिंकची, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या डेटाची, पोच हा विषय घेतला होता; हिला हार्क फीडबॅक म्हणतात. बेस स्टेशन डेटा पाठवताना कंट्रोल चॅनेलवर एक छोटी सूचना देतं, तिला डीसीआय म्हणतात. डेटा कुठे आहे आणि त्याची पोच किती स्लॉटनंतर (स्लॉट म्हणजे वेळेचा ठरलेला तुकडा) द्यायची, हे तिच्यात असतं. पोचेच्या या अंतराला के-वन म्हणतात. मी डीडीडीएसयू मांडणी घेतली: तीन स्लॉट डाउनलिंकचे, एक मिश्र, एक अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारा. सिग्नलच्या बारीक पट्ट्यांमधलं (सबकॅरियरमधलं) अंतर ३० किलोहर्ट्झ असेल तर एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा. म्हणजे चार स्लॉटांची पोच एकाच अपलिंक स्लॉटात जायची, के-वन अनुक्रमे ४, ३, २, १. डेटाच्या दर तुकड्याला, म्हणजे ब्लॉकला, एक बिट: नीट मिळाला तर १, नाही तर ०. हे बिट कोणत्या क्रमाने आणि किती, हे ठरवतं ते कोडबुक.

पहिली ठेच मिश्र स्लॉटात लागली. एका स्लॉटचे चौदा छोटे भाग असतात, त्यांना सिम्बॉल म्हणतात. तिथला डेटा दहाव्या सिम्बॉलला संपायचा आणि मी पोच पुढच्या स्लॉटच्या सुरुवातीलाच मागत होते. मध्ये चारच सिम्बॉल. साध्या क्षमतेच्या फोनला डेटा उलगडायला ३० किलोहर्ट्झवर किमान १० सिम्बॉल लागतात. पोच स्लॉटच्या शेवटी नेली, प्रश्न मिटला.

महिना खाल्ला तो डायनॅमिक कोडबुकने. त्यात जेवढे ब्लॉक पाठवले तेवढेच बिट परत येतात, म्हणून मला ते फार आवडलं होतं. फोनच्या बाजूला मी सरळ लिहिलं होतं की आलेल्या डीसीआय मोजायच्या आणि तेवढे बिट ओळीने लावायचे. बिट कमी पडले तर बेस स्टेशन शेवटी शून्य जोडून घेईल. रेंज चांगली असताना सगळं सुरळीत. सेलच्या कडेला मात्र एखादी डीसीआयच फोनला ऐकू येत नाही, आणि जी ऐकलीच नाही तिच्याबद्दल 'नाही मिळाली' असं तो सांगणार कसं?

त्या आठवड्यात मार्केट यार्डात आण्णांना डबा द्यायला गेले. आण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत आणि तेव्हा सौद्यांचा हंगाम भरात होता. गाडीतून पोती उतरत होती, प्रत्येकावर शाईनं मार्का आणि नंबर. आण्णा बिल्टी हातात धरून उभे होते. एकदम त्यांनी हमालांना थांबवलं. "दोन आलं, चार आलं. तीन नंबरचं पोतं कुठाय?" मी विचारलं, सगळी उतरल्यावर मोजली तर चालत नाही का? "मोजून कळतंय किती कमी हायत," ते म्हणाले, "कंचं कमी हाय ते कुठं कळतंय?"

खोलीवर येऊन फाइव्ह-जीच्या मानकाचा, ३८.२१३ या दस्तऐवजातला, तो भाग पुन्हा उघडला. पोत्यावरचा नंबर तिथं होताच. मी तो वाचून पुढे गेले होते. प्रत्येक डीसीआयमध्ये दोन बिटांचा काउंटर डीएआय असतो: ही कितवी सूचना, १ ते ४, मग पुन्हा १. समजा तीन ब्लॉक गेले आणि पहिलीच डीसीआय हरवली. माझा फोन १, १ पाठवायचा आणि बेस स्टेशन मागे शून्य जोडून १, १, ० वाचायचं. पहिला ब्लॉक पोचलाच नव्हता, तरी पोचला असं समजून त्याच्या पुनर्प्रेषणाची तयारीच सोडून द्यायचं, आणि मिळालेला तिसरा उगाच पुन्हा पाठवायचं. काउंटर वाचला की फोनला २ आणि ३ दिसतात, १ दिसत नाही, म्हणून तो ०, १, १ पाठवतो. 'मिळालं' ऐवजी 'नाही मिळालं' वाचलं गेलं तर थोडा प्रसारणाचा वेळ वाया जातो. उलट झालं तर डेटा जातो, आणि तो भरून काढायला आरएलसीपर्यंत, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा मागवणाऱ्या वरच्या थरापर्यंत, जावं लागतं.

शेवटचीच डीसीआय हरवली तर काउंटर गप्प बसतो, कारण पुढचा नंबर येतच नाही. एकाहून जास्त कॅरियर (डेटा नेणारे वेगवेगळे फ्रिक्वेन्सी पट्टे) असतील तर तिथे टोटल डीएआय मदतीला येतो. तो बिल्टीवरचा आकडा: आतापर्यंत एकूण किती. मी दोन कॅरियर लावले. पहिल्यावर काउंटर ३ आणि टोटल ४ दिसला की दुसऱ्यावरची सूचना हुकली हे फोनला कळायला लागलं. इथे क्रम आधी कॅरियरचा आणि मग वेळेचा, हे ध्यानात यायला आणखी दोन दिवस गेले.

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी मग सेमी-स्टॅटिक कोडबुकही चालवून बघायला लावलं. त्यात ब्लॉक येवो न येवो, चारही जागांचे चार बिट ठरलेले. एकाच ब्लॉकसाठी चार बिट पाठवणं मला आधी उधळपट्टी वाटायची. आता एकच कॅरियर आणि कमजोर सिग्नल असेल तर मी तेच निवडेन. तिथे बिटांची रांग सरकायला जागाच नाही.

प्रबंध जूनमध्ये दिला. तोंडी परीक्षेत विचारलं, सलग चार डीसीआय हरवल्या तर? दोन बिटांचा काउंटर फिरून त्याच आकड्यावर येतो आणि फोनला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. ती चाचणी मी आधीच लावली होती. आलेखात रांग सरकलेली स्पष्ट दिसत होती, तेच पान उघडून दाखवलं.