शनिवारवाड्याच्या फलकावरून खोडलेली दहा वर्षे

जुन्या वास्तूंची मोजणी करून नकाशे काढणे आणि माहितीफलकांचा मजकूर तयार करणे, हा माझा व्यवसाय. शनिवारवाड्यासाठी लिहिलेल्या मजकुरातला एक परिच्छेद परवाच्या बैठकीत खोडला गेला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

वाड्याचे मजले 1828च्या आगीत जळाले, त्यामुळे आमच्या हाती उरतो तो चौथरा. सागवानी खांब ज्यांवर उभे होते ते तळखडे शोधायचे, त्यांच्यामधली अंतरे कर्णांसह मोजायची, म्हणजे खणांची रांग जुळते आणि दालन कुठे संपून चौक कुठे सुरू होत होता, हे कागदावर उमटते. दगडांमधले चुन्याने भरलेले जुने सांधे आणि नंतरची सिमेंटची डागडुजी यांतला फरक बोट फिरवताच कळतो. पण सिमेंट थापले असेल तिथे दगडाची मूळ कडच हरवते, आणि अशी घाई करणाऱ्यांना मी क्षमा करू शकत नाही.

खोडलेला परिच्छेद या दालनांच्या पुढच्या आयुष्याविषयी होता. खडकी आणि येरवड्याच्या लढायांनंतर 17 नोव्हेंबर 1817 रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. जिंकणाऱ्यांनी वाडा पाडला नाही, तो वापरायला काढला. 1825 मध्ये कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर पुण्यात आला, तेव्हा त्याच्या नोंदीनुसार तळमजल्यावर तुरुंग, वरच्या एका मोठ्या दालनात दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर वेड्यांचे इस्पितळ होते. आगीनंतर तटाच्या आत पोलिसांची वस्ती झाली. 1919 मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरल्यावर आतली बांधकामे हटवून पाये मोकळे करण्यात आले.

‘हे वाड्याच्या इतमामाला शोभत नाही,’ असे एका वरिष्ठांनी सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. 1773 मधल्या नारायणरावांच्या खुनाच्या ओळी मात्र जशाच्या तशा राहिल्या, कारण येणारा प्रत्येक जण तेवढेच विचारतो. खून इतमामाला चालतो आणि रुग्ण चालत नाहीत, हा न्याय मला मान्य नाही. कैदी आणि रुग्ण याच भिंतींच्या आत दिवस काढत होते. हरलेल्या सत्तेच्या घराचे पुढे काय झाले, हे फलकाने सांगितले नाही, तर दिल्ली दरवाजातून आत आलेल्या माणसाला रिकामे चौथरे पाहून सगळा दोष आगीचाच वाटतो.

तो परिच्छेद एक शब्दही न बदलता, हेबरच्या नोंदीचा उतारा जोडून, मी पुन्हा पाठवला आहे.