खपली

आत्याने यंदा सांगलीहून खपली गहू पाठवला, तोही सालासकट. फोन केला तर म्हणाली, "कांडून घे की, तेवढं काय!" तेवढं काय ते संध्याकाळी कळलं. उखळ आता कुणाकडे असतं? गहू ओलसर करून खलबत्त्यात घातला आणि हलक्या हाताने बत्ता मारत बसलो. सूपही नाही, म्हणून ताटात घेऊन फुंकर मारली. फोलकटं सगळी चष्म्यावर. तासाभराने वाटीभर दाणे निघाले. जखमेवरची खपली आणि ही खपली, दोघींचा स्वभाव एकच. धरलं की सोडायचं नाही.

पश्चिम आशियात दहा-साडेदहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जी पहिली पिकं लावली, त्यांतलं हे एक. हिची रानातली आजी आणखी नाठाळ. पिकली की ओंबी आपोआप तुटायची आणि दाणे मातीत. जी ओंबी तुटली नाही तीच माणसाच्या हाती लागली, तिचंच पुढे बियाणं झालं. असं होत होत न गळणारा गहू सगळीकडे दिसू लागायला हजार-दोन हजार वर्षं गेली. एका सकाळी उठून कुणी 'चला, शेती करू' म्हटलं नव्हतं.

आणि म्हणावं तरी का? जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ साली तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्यांचा विळा घेऊन रानगहू कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर दाणा! त्याच्या हिशेबाने एका कुटुंबाने तीनेक आठवडे राबलं की वर्षाची बेगमी. (सोलायला किती दिवस, हा प्रश्न मला खलबत्त्यापाशी बसल्यावरच सुचला.)

मला सगळ्यांत आवडतात ते डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे अश्मयुगातले लोक. इ.स.पू. ५५००च्या सुमारास शेतकरी मध्य युरोपात पोचले होते. त्यांचे पूर्वज आनातोलियाकडचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. किनाऱ्यावरचे हे लोक मात्र मासे, सील, हरणं आणि कालवं खाऊन तृप्त. शिंपल्यांचे त्यांचे ढीग अजून तिथे आहेत. दक्षिणेच्या शेतकऱ्यांकडून त्यांनी घडीव दगडी कुऱ्हाडी घेतल्या. गहू नाही घेतला. हजार वर्षांहून अधिक काळ नाही! पोटभर कालवं मिळत असताना खणा, पेरा, पाखरं हाका, वर कांडा, हे कोण करणार? कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेवटी इ.स.पू. ४०००च्या आसपास तिथे शेती आली, तीही जुन्या हाडांतल्या डीएनएवरून पाहता मुख्यतः नव्या माणसांबरोबर.

रात्रभर भिजवलेली खपली सकाळी कुकरला लावली. गूळ, खसखस, वेलदोडा, वर नारळाचं दूध. खीर झकास झाली. आत्याला फोटो पाठवला, तर लगेच फोन.

"पुढच्या वेळी पाच किलो पाठवते."

"आत्या, कांडलेली पाठव."