तुम्ही विचारलंत म्हणून : आजारच होता ना, मग माफी कशाची?

लग्नात वाढप चालू असताना कुणीतरी मला बाजूला घेतं, हे आता ठरलेलंच. हात धुवायच्या नळाशी, नाहीतर विड्यांच्या टेबलापाशी. आवाज खाली आणून विचारतात, "तुमचं ते तेव्हाचं... आजारच होता ना? मग घरोघरी माफी मागत, पैसे देत कशाला फिरलात?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, माझी बाजू घेऊनच विचारतात. पण पंगत थांबत नाही, त्यामुळं उत्तर राहून जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं सांगलीत केटरिंग आहे, वडिलांपासून. २०२३च्या मार्चमध्ये माझी झोप गेली. येईना अशातला भाग नव्हता, मला ती नकोशीच झाली. दोन तास पडून उठलो तरी अंगात दहा माणसांचं बळ. त्या भरात चाळीस मोठी पातेली आणि एक टेम्पो घेतला. मे महिन्यातल्या एकाच तारखेला तीन लग्नांचे विसार घेतले. रोज रात्री फेसबुकवर लाइव्ह यायला लागलो. महाराष्ट्रभर शंभर शाखा काढतोय म्हणून सांगितलं, लोक हसले, तिथवर ठीक. पण एका रात्री तीन वाजता गोडाऊनमधून लाइव्ह आलो, तुपाचा डबा कॅमेऱ्यासमोर आपटला आणि आमच्या मुख्य आचाऱ्याचं, ज्यांना आम्ही काका म्हणतो, नाव घेऊन म्हणालो, हा माणूस वीस वर्षं माझं तूप चोरतोय.

बायकोनं सकाळी तो व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो काकांच्या लेकीच्या सासरी पोचला होता.

एप्रिलअखेर भावानं आणि बायकोनं मला दवाखान्यात नेलं. बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं, कधी टोकाचं खचतं असा आजार; त्यातला उन्मादाचा, चढण्याचा झटका. चोवीस दिवस आत होतो. लग्नाची ती तारीख त्या चोवीस दिवसांतच येऊन गेली.

बाहेर आल्यावर लगेच सगळ्यांचे पाय धरायला निघालो होतो. डॉक्टर बाईंनी अडवलं. उन्माद उतरला की बऱ्याचदा माणूस उदासीत जातो, मीही गेलो होतो. त्या म्हणाल्या, "आत्ता गेलात तर न केलेल्याचीही माफी मागून याल." चार महिने घरात बसलो. त्या काळात बुकिंगची डायरी नुसती चाळायचो. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं अक्षर माझं, नेहमीचं. तिसऱ्या आठवड्यात एका पानावर दोनच ओळी, समास ओलांडून गेलेल्या, आणि कागद पेनानं फाटलेला. पण विसाराचे आकडे बरोबर होते, नावं-पत्ते बरोबर होते. घेतले मीच होते.

एका वकील मित्रानं मला सुटकेची वाट दाखवली. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२ : करार करताना माणूस त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल हे समजण्याच्या स्थितीत नसेल, तर तो करार करायला लायकच नाही. "कागद आहेत तुझ्याकडं, मोकळा हो." दोन दिवसांनी त्याचाच फोन, जरा पडेल आवाजात. पुढं कलम ६५ आहे म्हणाला, करार रद्दबातल असल्याचं उघड झालं तर त्यापोटी जे घेतलं ते परत करायचं. त्यावरही कोर्टात वाद घालता येईल म्हणे. वकिलांना सगळ्यावरच वाद घालता येतो. मी टेम्पो विकला, पातेली मोडीत काढली, भावाकडून उरलेले घेतले आणि निघालो.

पहिल्या घरी चुकलो. बसल्याबसल्या आजारपणच सांगत सुटलो. झोप, दवाखाना, गोळ्या. वीस मिनिटांनी नवरीचे वडीलच माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, "होतं हो असं, जपा तब्येतीला." खाली उतरल्यावर लक्षात आलं, पैशाचं पाकीट माझ्या खिशातच. ज्यांच्या मांडवात मी जेवण पोचवलं नाही, त्यांच्याकडूनच सांत्वन करून घेऊन आलो होतो. परत जिना चढलो, पाकीट ठेवलं, निघालो. त्यानंतर प्रत्येक घरी आधी पैसे आणि हिशेब. आजाराचं कुणी विचारलं तरच.

दुसऱ्या घरी नवरदेवाची आई होती. तिनं वही काढली. चारशे ताटं, माझा दर साडेतीनशे, म्हणजे एक लाख चाळीस हजार. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत वाट बघून त्यांनी एका हॉटेलातून जेवण मागवलं, ते एक लाख शहाऐंशी हजारांना पडलं. पंगत साडेतीनला बसली. हॉटेलवाला रोख मागत होता, म्हणून तिनं आहेराची पाकिटं फोडली, मांडवातच, व्याह्यांच्या देखत. मी चाळीस हजारांचा विसार पुढं ठेवला. ती म्हणाली, "हे तर आमचेच होते. वरचे शेहेचाळीस?" तेही दिले, तीन हप्त्यांत. शेवटच्या हप्त्याला मी विचारलं, मनस्तापाचं काही? ती म्हणाली, "त्याचा दर आहे का तुमच्याकडं?" चहा दिला नाही. मला ते बरं वाटलं, का ते अजून नीट सांगता येत नाही.

तर उत्तर असं की मला तो आजार झाला यात माझा गुन्हा नाही, हे मी मानतो. मधुमेहासारखाच तो. पण पाकिटं फोडली गेली ती खरीखुरी होती, आणि ती बाई माझी केस फाइल वाचायला बांधील नव्हती.

आता धंदा करतो तो वेगळ्या रीतीनं. बुकिंगची डायरी बायकोकडं. विसाराचं खातं दोघांच्या सहीचं. लागोपाठ दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपलो, तर ती माझा फोनही काढून घेणार, हे मी बरा असताना सहीनिशी लिहून दिलंय. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, पुन्हा तसं झालं तर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवायची सोय आहे, तेही करतोय. केटररनं रात्रीचं झोपायचं म्हणजे पंचाईतच, भट्ट्या पहाटे तीनला पेटतात. पहाटेची पाळी पुतण्या बघतो. लिथियम, म्हणजे या आजारावरची गोळी, चालू आहे. मेच्या उकाड्यात भट्टीशी घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून बाटली जवळ. पाठ धरली तरी मनानं ब्रुफेन घ्यायची नाही, तिनंही ती पातळी वाढते. रक्ततपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी.

काकांचं राहिलं. त्यांच्याकडं मी चारदा गेलो. तीनदा दार त्यांच्या बायकोनं उघडलं आणि लावून घेतलं. चौथ्यांदा काका ओट्यावरच बसले होते. मी म्हणालो, जिथं बोललो तिथंच, फेसबुकवर, माफी मागतो. ते म्हणाले, "ते लाइव्हबिव्ह नको आता. आपल्या पोरांसमोर बोला." त्याप्रमाणं एका कार्यालयाच्या मुदपाकखान्यात, वाढपी, भांडीवाल्या मावश्या, सगळ्यांसमोर बोललो. खोटं बोललो होतो, काकांनी कधी चिमूटभरही नेलं नाही. काका मान खाली घालून कांदा चिरत होते. लेकीच्या सासरी यायला मात्र त्यांनी मला नाही म्हटलं. तिथलं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते सांगत नाहीत.

कामावर परतले ते एका अटीवर. तुपाचा प्रत्येक डबा फोडताना आणि काम संपल्यावर काट्यावर ठेवायचा, सगळ्यांच्या देखत, आणि आकडा मी स्वतःच्या हातानं लिहायचा. मी म्हणालो, काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे, कशाला? ते काही बोलले नाहीत, काटा ओढून पुढं घेतला.

मी शाळेत असल्यापासून ते मला 'बाळ्या' म्हणायचे. परवाही पंगती आटोपल्या, भट्ट्या विझल्या, मुलं टेम्पोत भांडी चढवत होती. त्यांनी डबा काट्यावर ठेवला, चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"तीन किलो दोनशे. लिहा, मालक."