आमची वाटचाल: तांब्याचं दुकान, भांडी बाजार, नाशिक

आजोबांनी दुकान थाटलं तेव्हा तांबट आळीत दिवसभर ठोके चालायचे. ते हंडे, घंगाळं, बंब घडवत. वडिलांनी पितळ जोडलं. मग स्टेनलेस स्टील आलं आणि लोक आजीचे हंडे मोडीत घालून स्टीलचे डबे नेऊ लागले. ती वर्षं मोडीवरच निघाली.

दुकान माझ्याकडे आलं तोवर तांब्याला पुन्हा गिऱ्हाईक होतं, पण ते बाजारात यायला कुरकुरायचं. रविवार कारंजावरून आत वळलं की गाडी लावायला जागा नाही, जुने वाडे टेकूंवर उभे. शिवाय गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर. 2008 ला आणि 2016 ला पाणी बाजारात शिरलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेवर पाणी चढलं की खालच्या फळीवरचा माल माळ्यावर, हे आमच्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

अशा दिवसांत बाजार धरून ठेवला तो नानांनी. प्रभागाचे माजी नगरसेवक. नाव छापायचं नाही ही त्यांचीच अट. रस्त्यांची खोदाई निघाली तेव्हा एका वेळी एकच गल्ली उघडा आणि धनत्रयोदशी, लग्नसराई सोडून उघडा, एवढ्यासाठी ते महापालिकेत ठाण मांडून बसले. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बायकांसाठी स्वच्छतागृह. (फोटो मात्र सगळ्यांनी रस्त्याच्या नव्या फरशीसोबत काढले.) लग्नाची भांडी घ्यायला घरच्या चार बायका येतात. पसंती, वजन, मग भांड्यांवर नावं घालणं, यात दुपार जाते. पूर्वी त्या अर्ध्यातून उठायच्या. आता नावं घालून होईपर्यंत थांबतात, आणि थांबल्या की समई, तांब्या-फुलपात्रं असं काहीबाही वाढतंच. पहिल्याच लग्नसराईत गल्ल्यात फरक दिसला.

यंदा व्यापाऱ्यांनी नानांचा सत्कार ठरवला. कुणीतरी अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी आणायला निघालं होतं. भांडी बाजारात! आम्ही तांब्याचं घंगाळ करून दिलं: जाड पत्रा, हाताचं मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी), कड्या पितळेच्या. पाण्याचं भांडं, म्हणून कल्हई नाही. काठावर कोरायचा मजकूर आधी नानांना दाखवला, तर त्यांनी सगळी विशेषणं खोडली. राहिलं बाजाराचं नाव आणि साल.

सत्काराच्या दिवशी हार उतरवता उतरवता त्यांनी मला विचारलं, सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गंगाजलाच्या गडव्या किती भरणार, आणि गर्दीत तुमच्या हातगाड्या आत येणार कुठून? गडव्यांचा आकडा मी लगेच सांगितला. हातगाड्यांसाठी सोमवारी सगळ्या दुकानदारांना बोलावलंय.