दोरी, पोतं आणि अलास्का

यवतमाळकडच्या आमच्या शाळेत आज ४२ डिग्रीत बर्फ शिकवला. चौथीला स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकाची गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांबद्दल सांगत होते. अलास्कातली इडिटरॉड शर्यत, १९७३ पासूनची, अँकरेज ते नोम, जवळपास १६०० किलोमीटर. "मॅडम, शंकरपट तं दोन मिनिटात संपते!" एक पोरगा उठून म्हणाला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत.

या कुत्र्यांना कासरा नसतो, हे ऐकून वर्ग गप्प झाला. नुसता आवाज. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. मग विहिरीची जुनी दोरी आणली, पोरं जोडीजोडीनं उभी केली, मागे रिकामं पोतं. सगळ्यांना पुढेच राहायचं होतं. पोत्याजवळच्या जोडीला सांगितलं, वळणावर गाडी तुम्हीच सांभाळता. तेव्हा कुठे ती खुलली.

१९२५ ची गोष्टही सांगितली. नोममध्ये घटसर्पाची साथ, औषध दूर. वीस जणांनी आपापल्या कुत्र्यांसह आळीपाळीनं साडेपाच दिवसांत सुमारे १०८५ किलोमीटर ते पोचवलं. नाव बाल्टो या कुत्र्याचं झालं, पण सर्वांत लांबचा, धोक्याचा टप्पा टोगो या दुसऱ्या कुत्र्यानं पुढे राहून ओढला. मला टोगोच जवळचा वाटतो. घटसर्प हा शब्द मात्र एकाही पोराला माहीत नव्हता. लसींमुळे. फार बरं वाटलं.

बर्फानं पंजे सोलू नयेत म्हणून या कुत्र्यांना कापडी मोजे घालतात, तेही सांगितलं होतं.

सुट्टी झाल्यावर बघते तर एक मुलगी हापशाजवळ शाळेच्या वाघ्याच्या पंजाला फाटका मोजा सुतळीनं बांधत होती. "मॅडम, खाली लय तापलं ना."