चक्कर कानाची नव्हती, मानेची होती

मानेच्या ऑपरेशननंतर माझी चक्कर गेली म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "पण कान दाखवला होता ना?" दाखवला होता. सगळ्यात आधी तोच दाखवला.

गोव्यात फोंड्याजवळ आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. पोफळीवर सुपारी पिकली का ते बघायला मान वर करावीच लागते, आणि मान वर केली की मला होडीत उभं असल्यासारखं डळमळायला व्हायचं. घर गरगर फिरायचं नाही, नुसता तोल जायचा. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधताना स्टुलावरून कलंडलो, भावाने सावरलं म्हणून निभावलं.

कानाच्या डॉक्टरांनी मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं थरथरली असती तर दोष कानात, पण ती थरथरली नाहीत. झोपून आणि उभं राहून बीपी घेतलं, तेही ठीक. चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक शून्य. मधल्या काळात हातही बिघडत चालले होते. शर्टाचं बटण लागेना, अडकित्त्यात सुपारी धरली तर निसटायची. हे वयाचं म्हणून मी कोणाला सांगतही नव्हतो, बायकोनेच डॉक्टरांसमोर काढलं.

न्यूरोसर्जननी माझ्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मज्जारज्जू दबल्याचा तो इशारा असू शकतो. "एमआरआय करूया," ते म्हणाले. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या चकत्या झिजून मज्जारज्जूवर दाबत होत्या.

ते स्पष्ट बोलले, ते मला आवडलं. "काका, ऑपरेशन करायचं ते हातांसाठी आणि चालण्यासाठी. चक्कर जाईलच, अशी हमी देत नाही." डोकं कुठे कललंय याची खबर डोळे आणि कान देतात, तशी मानेचे स्नायू, सांधे, चकत्याही देतात. झिजलेल्या मानेची खबर चुकली की मेंदूचा हिशेब जुळत नाही. पण चक्कर मानेमुळेच आहे असं छातीठोक सांगणारी तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळायची, एवढंच हातात असतं. शेजारचे एक गृहस्थ मान मोडून देणाऱ्याकडे न्यायला निघाले होते. रज्जू दबलेला असताना असलं काही करून घेऊ नका, जन्माचं अधूपण येऊ शकतं.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड होतं. चारजणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत मिळतं. मंजुरीची वाट बघावी लागली, बाकी कटकट नाही.

मान पुढून कापतात हे ऐकून घरचे हबकले. गळ्याच्या घडीत लहानसा छेद घेऊन श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारतात, चकती काढतात, तिथे छोटा पिंजरा बसवून टायटॅनियमची पट्टी स्क्रूने आवळतात. शुद्धीवर आल्यावर मान दुखेल असं वाटलं होतं, दुखला तो घसा. थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. पेजेवर दिवस काढले, आवाज घोगरा झाला तो यथावकाश सुटला.

आधी बोटं सुधारली. चक्कर कधी गेली ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस पोफळीकडे बघत उभा होतो आणि बुंध्याला हात लावलेला नाही, हे नंतर लक्षात आलं. अजून घाईने वर बघितलं तर किंचित हलल्यासारखं होतं. दोन जागी मणके जोडूनही मान बऱ्यापैकी वळते, कारण वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम सगळ्यात वरचे दोन मणके करतात. नारळाची पोती उचलायला मात्र डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही, ती भाचा उचलतो.