कार्ब्युरेटर तीनदा भट्टीत गेला

‘नीट साफ केला नसशील.’ हे वाक्य मी गेल्या सहा महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने नुसतं तोंड उघडलं तरी मला तेच ऐकू येतं. कार्ब्युरेटरवर पावडर कोटिंग (म्हणजे रंगाची कोरडी पूड भाजून चढवलेला थर) करताना फोड आले, असं सांगितलं की हेच उत्तर. साफ केला होता हो. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, कार्ब क्लीनर मारून, टूथब्रशने घासून, थिनरने पुसून. तरीही फोड आले. आणि ते का आले हे कळायला मला तीन रविवार, एक फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या तळाची, पेट्रोल साठणारी वाटी) आणि आईचा एक ओव्हन खर्ची घालावा लागला.

गाडी १९९४ ची, यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल. कार्ब्युरेटर मिकुनीचा. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, पण आमच्या विक्रोळीच्या हवेत दर पावसाळ्यात कार्ब्युरेटरच्या बॉडीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरायची. ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, दमट हवेत जस्त असं पांढरं पडतं. ब्रशने घासायचं, पुढच्या जुलैत पुन्हा तेच. रंग मारून पाहिला, पेट्रोलचे चार थेंब पडले की सुटून यायचा. पावडर कोटिंग मात्र नीट भाजली गेली तर पेट्रोलला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणून हा उद्योग. गाडी यामुळे जास्त पळत नाही, अॅव्हरेज वाढत नाही. कुणी तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या.

आधी साकीनाक्याला गेलो होतो. तिथे गाळ्यागाळ्यात पावडर कोटिंग चालतं, ग्रिलपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत. पहिल्याने हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि परत दिलं. ‘एक पीस नाही करत, लॉट आणा.’ दुसरा म्हणाला, कास्टिंग आहे, फोड येतील, मग तुम्ही भांडायला याल. त्याचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, पण मला वाटलं माणूस टाळतोय. तिसऱ्याकडे भट्टीवर काम करणारा एक मुलगा होता. त्याने जाता जाता हळूच सांगितलं, ‘आधी नुसता तापवा, पावडरशिवाय.’ का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग घरीच करायचं ठरलं. पावडर फवारायची छोटी गन ऑनलाइन मागवली. ती पावडरला विजेचा भार देते आणि अर्थला जोडलेल्या धातूवर पावडर आपोआप जाऊन बसते. आमच्या कन्नमवार नगरच्या जुन्या इमारतीत प्लगच्या तिसऱ्या, अर्थच्या भोकात वायरच नव्हती, हे या निमित्ताने कळलं. पावडर मारली की पीठ सांडावं तशी खाली पडायची. इलेक्ट्रिशियनने अर्थ ओढून दिल्यावर चिकटायला लागली. तो एक खर्च वाया गेला नाही, आता गीझरला हात लावताना झिणझिण्या येत नाहीत.

ओव्हन आईचा. ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा कॉइलचा छोटा ओव्हन. नवीन घेऊन देईन या बोलीवर मिळाला, कारण एकदा त्यात पावडर भाजली की त्यात पुन्हा खाण्याची वस्तू ठेवायची नाही. हे कुणी मस्करीत घेऊ नका.

कार्ब्युरेटर खोलणं, जेट काढणं, फ्लोटची पिन हळूच ठोकून काढणं (तिचे दोन खांब अगदी नाजूक असतात, एक तुटला की बॉडी गेली), यात अर्धा दिवस गेला. मास्किंगला, म्हणजे पावडर नको तो भाग झाकायला, एक संध्याकाळ. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, म्हणजे जिथे काही सरकायचं आहे किंवा गॅस्केट बसायचं आहे तिथे तो चालत नाही. जिथे आटे आहेत तिथे जुने बोल्टच घट्ट लावले. स्लाइडच्या (अॅक्सिलरेटर पिळला की वरखाली सरकणाऱ्या तुकड्याच्या) भोकाला आणि हवा आत येते त्या इनलेटला नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या सिलिकॉनच्या नळीचे तुकडे कापून कोंबले. बाउलच्या कडेला उष्णता सोसणारी हिरवी टेप. साधी मास्किंग टेप जळून चिकटते, नंतर नखाने खरवडत बसावं लागतं.

आता फोड.

पहिल्या रविवारी मी डायल २०० वर ठेवला, पावडर मारलेली बॉडी आत टांगली, आणि वीस मिनिटांनी दार उघडलं. बॉडीवर साबुदाण्याच्या पापडासारखे बारीक बुडबुडे. आई मागून डोकावून म्हणाली, ‘अरे, तळलास की काय?’ मी काही बोललो नाही. पेंट रिमूव्हर आणला, गॅलरीत बसून सगळं काढलं. इथे एक सांगतो: रंग सुटावा म्हणून कॉस्टिक सोडा वापरू नका, तो जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो. रिमूव्हरलाही हातमोजे हवेत, आणि घरात दार लावून तो वापरायचा नाही.

दुसऱ्या रविवारी त्या भट्टीवाल्या मुलाचं आठवलं. आधी नुसता तापवायचा. का, ते मला तोवर कळलं होतं. ओतीव धातूत सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांत हवा अडकलेली असते, आणि माझ्या बाबतीत तीस वर्षांचं तेलही. आधीच्या मालकाने गाडीचा तेलपंप बंद करून टाकला होता, टाकीतच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल मिसळायचं. म्हणजे तेल मिसळलेलं पेट्रोल या बॉडीतून रोज वाहायचं. वरून कितीही पुसा, पोकळीतलं पुसलं जात नाही. तापवलं की ते बाहेर येतं. वर पावडर वितळत असेल तर तिच्यातून बुडबुडा काढूनच येतं. म्हणून ते आधीच, उघड्या धातूतून बाहेर काढायचं.

हे मला समजलं होतं. तरी मी माती खाल्ली, ती थर्मामीटरमुळे.

लॅमिंग्टन रोडवरून मी लाल ठिपक्याचं इन्फ्रारेड थर्मामीटर आणलं होतं. बॉडी ओव्हनमध्ये, डायल २०० वर, अर्धा तास झाला, आणि थर्मामीटर दाखवतंय ९५. मी डायल २३० वर नेला. ११०. ओव्हनला शिव्या घालत डायल शेवटपर्यंत फिरवला. धूर आला. मला वाटलं तेलच जळतंय, चांगलंच आहे. बाहेर काढलं तेव्हा फ्लोट बाउलच्या पोटावर धातूलाच फोड आले होते. पावडरला नव्हे, अजून पावडर मारलीच नव्हती. जस्त फार तापलं की नरम पडतं आणि आत दाबून बसलेली हवा त्याला आतून फुगवते.

चमकदार धातूवर ते लाल ठिपक्याचं यंत्र खोटं बोलतं, हे मला कुणीच सांगितलं नाही. चकचकीत धातू उष्णता फार कमी बाहेर फेकतो, यंत्राला तेवढीच दिसते. पावडर मारलेल्या किंवा काळ्या वस्तूवर तेच यंत्र जवळपास बरोबर सांगतं. विकणाऱ्याने ते स्वतःच्या तळहातावर रोखून ३४ दाखवलं होतं आणि मी खूश होऊन पैसे दिले होते.

बाउल कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्यात मिळाला. दुकानदाराने गोणीतून सात बाउल ओतले, त्यातला एक बरोबर बसला. तिथे जाताना जुना हातात घेऊन जा, मॉडेलचं नाव सांगून काही होत नाही. एक पूर्ण आठवडा मी गाडीविना होतो, बेस्टच्या बसमध्ये उभा राहून रोज त्या ११० आकड्याचा विचार करत होतो.

तिसऱ्या वेळी लाल ठिपका खणात. के-टाइप प्रोबचा (धातूला टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेचा) मल्टिमीटर घेतला, प्रोबचं टोक बोल्टखाली दाबून थेट बॉडीला लावलं. तेव्हा कळलं की डायल २०० वर असताना धातू एकदा १८० ला असतो, एकदा २२५ ला, आणि वरची कॉइल लाल झाली की तिच्यासमोरचा भाग वेगळाच तापतो. मग कॉइल आणि बॉडी यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा ट्रे आडवा ठेवला. पावडरही बदलली. साधी पावडर २०० ला भाजते. मी १६० ला भाजणारी घेतली, ओतीव वस्तूंसाठी मिळते ती, वायू सहज सुटू देणारी. वितरक वीस किलोच्या पेटीखाली बोलायला तयार नव्हता. शेवटी साकीनाक्याच्या त्याच मुलाने अर्धा किलो पिशवीत भरून दिली आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत.

उघडी बॉडी १९० ला एक तास. पहिल्या वीस मिनिटांत एका कोपऱ्यातून तपकिरी घाम सुटला, अक्षरशः थेंब. थंड झाल्यावर पुसून पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या वेळी काही आलं नाही. मग ३२० च्या सँडपेपरने हलकं घासून, थिनरने शेवटचं पुसून, थोडी कोमट असतानाच पावडर मारली. खाचा आधी, सपाट भाग मागाहून, नाहीतर खाचेत पावडर शिरतच नाही. मग १६० ला वीस मिनिटं, आणि ही वीस मिनिटं धातू १६० ला पोचल्यावर मोजायची, ओव्हन चालू केल्यापासून नाही. पहिल्या वेळी मी तेच चुकलो होतो.

एकही फोड नाही. काळा, किंचित मंद चमकीचा रंग. मी तो गॅलरीच्या उजेडात इतका वेळ धरून उभा होतो की शेजारच्या काकांनी विचारलं, ‘काय रे, नवीन घेतलास?’

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर बॉडी ओव्हनमध्ये ठेवायची नाही. मी ती दोन दिवस उन्हात ठेवली होती. पावडर हवेत उडालेली असताना जवळ गॅस, देवापुढचा दिवा, काहीच पेटतं नको, ती पेट घेते. तोंडावर चांगला मास्क हवा, दुपट्टा नव्हे. टेप आणि नळीचे तुकडे कोमट असतानाच काढा आणि कडेने ब्लेड फिरवून घ्या, थंड झाल्यावर ओढलं की कडेची पापडी निघते. उरलेली पावडर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. माझी पहिल्या वेळची उघडी राहिली आणि जुलैमध्ये तिचे बेसनासारखे गोळे झाले.

आणि गाडीवर चढवण्याआधी स्लाइड भोकात सोडून बघा. माझ्या नळीखालून चिमूटभर पावडर आत गेली होती, स्लाइड मध्येच अडकली. तशीच बसवली असती तर अॅक्सिलरेटर सोडल्यावरही गाडी पळत राहिली असती, तीही आमच्या एलबीएस मार्गावर. हजारच्या सँडपेपरने ओलं करून हळूहळू घासलं, प्रत्येक वेळी पुसून पुन्हा सोडून बघितली. रात्री साडेदहाला ती हात न लावता खाली पडली आणि तळाशी टक् आवाज आला.